मी दाजींना व्हिलन केलं

मी रागीट माणूस नाही. फक्त शनिवारी रागीट असतो.

शनिवारी सकाळी टीव्हीवर परदेशातली ती नाटकी कुस्ती लागते. ('नाटकी' हा शब्द मी वापरला तर चालतो. दुसऱ्या कुणी वापरला तर मी दुकान बंद करून भांडायला येतो!) ढोकीत माझं बी-बियाणांचं दुकान आहे. शनिवारी ते दहाला उघडतं, कारण तोवर मी आणि आई टीव्हीसमोर मांडी घालून बसलेले असतो. आईचं वय अडुसष्ट. इंग्रजीचं एक अक्षर तिला कळत नाही, पण कोण कुणाला दगा देणार हे तिला माझ्या आधी कळतं. पैलवानांना तिनं आपल्या मनानंच नावं दिलीत. एक लांबकेश्या, एक टकुऱ्या आणि एक 'आपल्या भीमाआप्पाच्या तोंडवळ्याचा'.

आणि दर शनिवारी बरोबर दहा वाजता मी भडकून उठतो.

भडकू नको तर काय करू? त्या लेखकांना गोष्ट लिहिता येत नाही! सहा-सहा महिने दोघांचं वैर तापवायचं, आणि शेवटच्या लढतीत तिसराच कुणीतरी पडद्यामागून पळत येणार, खुर्ची हाणणार, खेळ खलास! तीन मिनिटांत! म्हणजे दिवसभर पुरण शिजवायचं आणि पोळ्या लाटायच्या वेळी पातेलं मोरीत ओतायचं. लोक म्हणतात, "अरे विलास, ते सगळं खोटं असतंय." मला माहीत नाही का? मालिकेतली सासू काय खरी असते? पडणं खोटं असलं तरी चालतं, राग खरा पाहिजे! व्हिलनला कारण पाहिजे. त्याच्या जागी उभं राहून बघितलं तर तो बरोबर वाटला पाहिजे. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लोक ज्याच्या नावानं ओरडतात त्याला वर आणा! हे लेखक स्वतःला आवडणारा ठोकळा आमच्या गळ्यात मारतात आणि म्हणतात, हाच तुमचा हिरो.

हे सगळं मी कुणालाही सांगायचो. पण शेवटपर्यंत ऐकून घ्यायचे ते फक्त दाजी.

दाजी म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे, मनीचे, यजमान. तेरला त्यांचं शिलाईचं दुकान आहे. माणूस इतका सोशिक की ताटात मीठ वाढायचं राहिलं तर अळणी जेवून उठतील, पण मागणार नाहीत. लग्नाला बारा वर्षं झाली. सासुरवाडीला आले की मी त्यांना टीव्हीसमोर बसवायचो आणि सुरू व्हायचो. ते "व्हय दादा, व्हय दादा" करायचे. मला वाटायचं, त्यांना गोडी लागलीय.

त्या वर्षी नवरात्रात आमच्या गल्लीतल्या देवीच्या मंडळाचा ऑर्केस्ट्रा ऐनवेळी फिसकटला. मंडळाचे अध्यक्ष राजाभाऊ डोकं धरून आमच्या ओट्यावर येऊन बसले.

"तीन संध्याकाळी मोकळ्या पडल्यात, विलासराव. लोकांला काय दाखवू?"

आतून माझी बायको, संगीता, म्हणाली, "ह्यांना द्या की! बारा म्हैने त्या टीव्हीवाल्यांच्या चुका काढायलेत. एकदा लिहा म्हणावं स्वतः!"

तो टोमणा होता. मला तो सन्मान वाटला.

मी एका बैठकीत तीन संध्याकाळची गोष्ट लिहिली. पहिल्या दिवशी मी आणि दाजी जोडीनं मंडळाच्या दोन पोरांना हरवणार, आणि विजयाच्या क्षणी दाजी मला पाठीमागून खुर्ची मारून दगा देणार. दुसऱ्या दिवशी माईकवर शब्दांची लढाई. तिसऱ्या दिवशी दाजी विरुद्ध मी, आणि हिरोचा विजय. (हिरो कोण, हे काय विचारणं झालं?)

दाजींना बोलावून घेतलं.

"दादा, मला जमंल का?"

"काय अवघड न्हाय. तुमाला फक्त राग आला पाहिजे."

"कुणाचा?"

"माझा."

दाजींनी टोपी काढली, परत घातली. मग म्हणाले, "प्रयत्न करतो."

"राग का आला, ते कारण मात्र तुमचं तुमी शोधा. आपल्या मनातून आलं की खरं वाटतंय."

पोशाख दाजींनीच शिवले. माझा लाल, चकचकीत, छातीवर वाघ. हँगरवर तो वाघ डरकाळी फोडत होता. मी अंगात घातल्यावर कापड असं ताणलं गेलं की वाघ हसायला लागला.

पहिल्या संध्याकाळी आरती झाली. चार बांबू, भोवती चऱ्हाट आणि मधे मांडववाल्याच्या गाद्या, अशी आमची रिंग. राजाभाऊ पंच. गल्ली भरलेली. पुढच्या रांगेत आई, संगीता आणि मनी. पोरांना आम्ही हरवलं, मी दोन्ही हात वर केले, आणि दाजींनी प्लास्टिकची खुर्ची उचलली. मारायच्या आधी त्यांनी विचारलं, "दादा, मारू का?" आणि माईक चालू होता!

लोक हसले. माझं डोकं तिथंच तापलं. मी दातओठ खात "मारा!" म्हणालो. दाजींनी खुर्ची माझ्या पाठीला टेकवली आणि मी बेशुद्ध पडलो. राजाभाऊंनी दाजींच्या हातात माईक दिला.

"नमस्कार," दाजी म्हणाले. (व्हिलन नमस्कार म्हणतो का?) "म्या दत्तात्रय. तेरला शिवणकाम करतो. ह्ये आमचे मेव्हणे. बारा वर्षं म्या हितं येतोय. आलो की मला टीव्हीसमोर बसवत्यात. दाजी, तुमाला काय बघायचंय, असं एकदा बी कुणी इचारलं न्हाय."

गल्लीतल्या खुर्च्या पुढं सरकल्या.

"दोन वर्सामागं ह्यांनी मला एक डाव समजावून सांगितला. तोंडानं सांगितला असता तर चाललं असतं. माझ्या मानेवर सांगितला! दीड म्हैना गळ्यात पट्टा घालून मशीन चालवली म्या. लोकांनी इचारलं, काय झालं? म्या म्हणलं, गाडीवरून पडलो. सासरचं नाव कशाला खराब करायचं!"

"आगं बाई!" बायकांच्या रांगेतून आवाज आला. मी गादीवर पालथा पडलेलो. गोष्टीप्रमाणं बेशुद्ध, त्यामुळं मला उत्तर देता येईना!

"माझे वडील धाराशिवला दवाखान्यात होते. हे भेटायला आले. दोन तास बसले. दोन तास मला सांगितलं की टकुऱ्यानं लांबकेश्याला दगा का दिला. वडलांची तब्येत कशी हाय, ते निघताना दारातून इचारलं."

हे ऐकल्यावर मात्र मी खरोखरच हललो नाही.

"आन आता एकच सांगतो," दाजींचा आवाज चढला. बारा वर्षांत मी तो चढलेला ऐकला नव्हता. "दरसाल ह्यांची पँट म्या कमरेत वाढवून देतो. गावात सांगत्यात, बारीक झालो! बेचाळीस हाय! टेप माझ्याकडं हाय!" आणि त्यांनी खिशातून टेप काढून वर धरली.

गल्लीचा स्फोट झाला. "दाजी! दाजी! दाजी!" मागच्या पोरांनी टाळ्यांच्या तालावर सुरू केलं, "बे-चा-ळीस! बे-चा-ळीस!" मी एक डोळा उघडून बघितलं. माझी सख्खी बहीण खुर्चीवर उभी राहून ओरडत होती. संगीता तोंडाला पदर लावून हसत होती. आणि आई डोळे पुसत होती. माझ्यासाठी नाही, जावयासाठी!

घरी आल्या आल्या मी दाजींना धरलं.

"दाजी, हे काय होतं?"

"कारण शोधा म्हणला होताव, दादा."

"शोधा म्हणलं होतं! खरं सांगा कुठं म्हणलं होतं?"

"खोटंच शोधायला बसलो होतो," दाजी मान खाली घालून म्हणाले, "पण खरीच लई निघाली. जास्त झालं का? उद्या कमी करतो."

"कमी कशाला?" मनी स्वयंपाकघरातून कडाडली. "मानेचंच सांगितलंय. अजून कंबरंचं राहिलंय!"

दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडलंच नाही. चार पानी भाषण लिहिलं. त्यात हिरोचा त्याग होता, गावाचा अभिमान होता, आणि व्हिलनला लाज वाटावी असे सात प्रश्न होते. संध्याकाळी बघतो तर गर्दी दुप्पट! तेरहून एक टेम्पो भरून माणसं आली होती, शिट्ट्या घेऊन. मी माईक धरला. "ढोकीकरहो..." एवढंच म्हणालो आणि ढोकीकर ओरडले, "बे-चा-ळीस!" माझं गाव! माझी गल्ली! माझ्या दुकानातून सोयाबीनचं बी नेणारी माणसं!

तरी मी वाचत राहिलो. चारही पानं. घसा फाटेपर्यंत. कुणालाही एक शब्द ऐकू गेला नाही. शेवटी राजाभाऊंनी माईक दाजींकडं दिला. गल्ली एकदम चिडीचूप.

दाजी म्हणाले, "दादा, तुमचं राहिलं असंल तर बोलून घ्या. म्या थांबतो. बारा वर्षं थांबलोय की."

बस. एवढंच. टेम्पोतली माणसं नाचायला लागली. माझ्या चार पानांना जे जमलं नाही ते ह्या माणसानं दोन ओळींत केलं, तेही आवाज न चढवता! मी माझी पानं टराटरा फाडून गर्दीत फेकली. लोकांनी त्यावरही टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हेही लिहिलेलं आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी राजाभाऊ आले. "विलासराव, शेवट बदला. लोकांला दाजी पायजेत."

"गोष्टीत हिरो जिंकतो!"

"हिरो कोण, ते लोक ठरवत्यात," संगीता चहा ठेवता ठेवता म्हणाली. "हे म्या म्हणत न्हाय. तुमीच म्हणताव, दर शनिवारी. लोक ज्याच्या नावानं ओरडत्यात त्याला वर आणा. मग आणा की!"

"लेखक मी हाय!" मी ओरडलो. "मी ठरवणार कोण जिंकायचं ते!"

हे वाक्य परदेशातल्या त्या कचेरीत बसून कोण म्हणत असेल आणि मी त्याला इथून किती शिव्या घातल्यात, हे माझ्या लक्षात आलं. पण राग असा होता की लक्षात आलेलं मी बाजूला सारलं. शेवट बदलला नाही.

तिसऱ्या संध्याकाळी माणसं पत्र्यांवर चढून बसली होती. लढत सुरू झाली. दाजी बिचारे लिहिल्याप्रमाणं वागत होते. मी ढकललं की मागं जायचे, मी ओरडलो की दचकायचे. ठरलेल्या जागी आल्यावर माझ्या कानात म्हणाले, "दादा, आता पडू का?"

"पडा!"

दाजी पडले. मी त्यांच्यावर आडवा झालो. राजाभाऊंनी गादीवर हात आपटला. "एक! दोन!" आणि थांबले.

"राजाभाऊ, तीन म्हणा!"

"आठवंना," राजाभाऊ म्हणाले.

"अडीच!" मागून कुणीतरी ओरडलं. "पावणेतीन!" सगळी गल्ली हसत होती. आणि माझ्या डोक्यात कायतरी सटकलं. मी उठलो, दाजींना उठवलं आणि मानेचा डाव टाकला. तोच, ज्यानं दीड महिना पट्टा लागला होता. तो गोष्टीत नव्हता. दाजींनी माझ्या हातावर थापटलं. एकदा, दोनदा. "दादा, सोडा," ते हळूच म्हणाले, माईकला ऐकू जाणार नाही असं. माझ्या हाताखाली त्यांची मान ताठ झालेली मला कळत होती. आणि तरी मी लगेच सोडलं नाही. दोन क्षण असतील. पण त्या दोन क्षणांत मी हिरो नव्हतो, लेखक नव्हतो, कुणीच नव्हतो. एक चिडलेला माणूस होतो, ज्याच्या हातात दुसऱ्याची मान होती. गल्लीतलं हसू थांबलं होतं.

तेवढ्यात चऱ्हाटाखालून वाकून कुणीतरी आत आलं. बघतो तर आई! लुगड्याचा पदर खोचलेला, चष्मा सरळ केलेला. मला वाटलं, आली, माझी माय आली, शेवटी रक्त ते रक्त! ती सरळ चालत आली आणि तिनं माझा कान धरला.

"सोड जावयाला!"

"आई, तू आत कशी आली? तिसऱ्यानं मधे यायचं नसतंय!"

"सोड म्हणते ना, मुडद्या!"

मी सोडलं. पण तिनं कान सोडला नाही. एक हिसका दिला. माझा पाय चऱ्हाटात अडकला, वाघ उभा फाटला आणि मी गादीवर उताणा. दाजींना मान वळवता येत नव्हती. ते बसायला जागा चाचपत मागं सरकले आणि माझ्या छातीवर टेकले. आणि राजाभाऊंना एकदम सगळे आकडे आठवले. "एकदोनतीन!" एका दमात!

आईनं दाजींचा हात वर केला. पत्र्यांवरची माणसं खाली उतरून नाचू लागली. मी खाली पडून आभाळाकडं बघत होतो. इतक्या वर्षांत इतका चांगला शेवट मी पाहिला नव्हता! वैर शिजलेलं होतं, कारण खरं होतं, दगा सगळ्यात जवळच्या माणसानं दिला, आणि लोकांना हवा तो जिंकला. आणि त्यातलं एक अक्षर मी लिहिलेलं नव्हतं. ह्याचाही मला भयंकर राग आला.

सकाळी मनी दाजींची मान मिठाच्या पुरचुंडीनं शेकत होती. माझ्याकडं बघत नव्हती. मी समोर जाऊन बसलो. भाषण लिहिता येणाऱ्या माणसाला अशा वेळी एक वाक्य सुचत नाही.

"दाजी, काल ते... ते गोष्टीत नव्हतं. चुकलं माझं."

"मला कळलं होतं, दादा," दाजी म्हणाले. "तुमी लिहिलेलं असतंय तवा तुमी आधी ओरडताव."

मनी हसली नाही, पण पुरचुंडी माझ्या हातात दिली. "घे. शेक आता तूच."

मी शेकत राहिलो. मग विचारलं, "वडील कसे हायत?"

"बरे हायत. उठून बसत्यात आता."

दुपारच्या एसटीनं मी त्यांच्यासोबत तेरला गेलो. सोबत आईनं दिलेला डबा होता. म्हातारबा ओसरीवर बसले होते. मी त्यांच्या पायाशी बसलो, तब्येत विचारली, औषधं विचारली, भूक लागते का विचारलं. मनाशी पक्कं ठरवलं होतं, कुस्तीचा एक शब्द काढायचा नाही. पाच मिनिटं झाली. म्हातारबांनी इकडं-तिकडं बघितलं आणि माझ्याकडं सरकले.

"विलासराव, त्या लांबकेश्याचं पुढं काय झालं हो? दवाखान्यात तुमी अर्धंच सांगितलं. ह्यो दत्ता तर कायच सांगत न्हाय!"

मी दाजींकडं बघितलं. दाजींनी मान वळवता येत नसल्यामुळं सगळं अंगच माझ्याकडं वळवलं.

"सांगा, दादा," ते म्हणाले. "पण आवरतं घ्या."

दिवाळीत भाऊबीजेला दाजी आणि मनी ढोकीला आले. मी स्टँडवर आणायला गेलो. एसटीतून दाजी उतरले आणि स्टँडवरच्या निम्म्या माणसांनी त्यांना राम राम केला. चहावाल्यानं तर बोलावून चहा पाजला. मी मागं दोन्ही पिशव्या घेऊन उभा. कारखान्यावर ऊस आणणारा एक ट्रॅक्टरवाला आला, दाजींचा हात हातात घेऊन म्हणाला, "दाजी, म्या पत्र्यावरून बघितलं तुमाला! काय गोष्ट, काय गोष्ट! कुणी लिहिली होती हो?"

"ह्यांनी," दाजींनी माझ्याकडं बोट दाखवलं. "आमचे मेव्हणे."

ट्रॅक्टरवाल्यानं मला खालून वर बघितलं. अंगावर साधा शर्ट, हातात पिशव्या, त्याला काही ओळख पटली नाही. त्यानं माझ्या पाठीवर जोरात थाप मारली.

"लई भारी लिहिताव, साहेब! मानलं तुमाला. पण त्यो लाल कपड्यातला गडी कुठून धरून आणला होता? लई भिकार!"

मी पिशव्या खाली ठेवल्या.

"काय करणार," मी म्हणालो, "दुसरं कुणी तयारच होईना."